बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातले कमी बघितले जाणारे भयपट (१९३० ते १९३६)

रातवा

नमस्कार मंडळी. भयपटांवर इथे बरेच धागे आहेत, पण चर्चा सत्तरच्या दशकाच्या मागे फारशी जात नाही, गेलीच तर ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाईन आणि किंग काँग अशी तीन नावं घेऊन लगेच परत येते. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या पाचसहा वर्षांत इतके विलक्षण भयपट निघालेत आणि त्यातले कितीतरी आज कोणी बघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सिनेमे कान देऊन बघायचे असतात. त्या काळी संवाद आणि संगीत एकत्र मिसळणं तांत्रिकदृष्ट्या कटकटीचं होतं, शिवाय निर्मात्यांना भीती वाटायची की पडद्यावर वाजवणारा कोणी दिसत नसताना संगीत कुठून येतंय असं प्रेक्षक विचारतील. त्यामुळं बहुतेक सिनेमांत टायटल्स संपली की संगीत बंद. मग उरतं काय, तर पावलं, दार, वारा, कुणाचा तरी श्वास आणि मधली शांतता. आताच्या सिनेमात व्हायोलिनं किंचाळायला लागली की आपल्याला कळतं आता काहीतरी होणार, मन तयार होतं. इथं तशी सूचना देणारं कोणीच नाही, आपण त्या खोलीत एकटे असतो.

उदाहरण म्हणून व्हाईट झॉम्बी (१९३२) घ्या. व्हिक्टर आणि एडवर्ड हाल्परिन या भावांचा सिनेमा, बजेट अगदी तुटपुंजं, युनिव्हर्सल स्टुडिओचे दुसऱ्या सिनेमांसाठी बांधलेले सेट रात्री वापरून जेमतेम दोन आठवड्यांत शूट केलेला. झॉम्बीवरचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट हाच. बेला लुगोसी हैतीमधल्या एका साखर कारखान्याचा मालक आहे आणि त्याचे मजूर सगळे मेलेले. कारखान्याच्या आतला सीन बघा, माणसं गोल गोल फिरत दांडे ढकलतायत, चरकात ऊस पडतोय आणि आवाज फक्त लाकडाच्या करकरीचा. एक माणूस तोल जाऊन चरकात पडतो, तो ओरडत नाही, बाकीचे थांबत नाहीत, करकर तशीच चालू राहते. बास, एवढंच. मी कितीतरी भयपट बघितलेत पण त्या करकरीइतकं अंगावर येणारं फार थोडं ऐकलंय.

आणि हे नुसतं घाबरवणं नाहीये. हैतीत झॉम्बीची मूळ कल्पनाच अशी की मेल्यावरही तुम्हाला राबावं लागेल, जिथे पिढ्यान् पिढ्या गुलामांनी उसाच्या मळ्यात मरेपर्यंत काम केलं तिथली ही भीती आहे, मेंदू वगैरे खाणारे झॉम्बी फार नंतरचे. सिनेमा निघाला तेव्हा हैती अमेरिकेच्या लष्कराच्या ताब्यात होतं (१९१५ ते १९३४) हेही लक्षात ठेवून बघा, म्हणजे तो कारखाना आणखी बोचतो.

दुसरा माझा सगळ्यात लाडका, द ओल्ड डार्क हाऊस (१९३२). जेम्स व्हेल, फ्रँकेन्स्टाईनवालाच. वेल्समध्ये प्रचंड पाऊस, दरड कोसळून रस्ता बंद, काही प्रवासी एका जुन्या वाड्यात आसरा घेतात आणि तिथं फेम नावाचं विचित्र कुटुंब राहतंय. भूत नाही, पिशाच्च नाही, फक्त माणसं. पूर्ण सिनेमाभर बाहेर वादळ चालू आहे आणि त्या वाऱ्यापावसाचा आवाज हेच त्याचं पार्श्वसंगीत. म्हातारी रिबेका एका तरुण बाईला भिजलेले कपडे बदलायला खोलीत घेऊन जाते आणि तिच्या रेशमी कपड्याला हात लावून म्हणते हे सडणार, मग तिच्या कातडीला हात लावून म्हणते हेही सडणार. सोबत वाकड्यातिकड्या आरशात दोघींचे चेहरे. तो सीन एकदा बघितलात की डोक्यातून जात नाही. ती तरुण बाई म्हणजे ग्लोरिया स्टुअर्ट, टायटॅनिकमधली म्हातारी रोझ. १९३२ आणि १९९७, मध्ये पासष्ट वर्षं!

तुम्ही या काळातले कुठले बघितलेत? नावं टाका, काय आवडलं नाही तेही लिहा.

मृण्मयी१२

वाचनखूण साठवली. किती दिवसांपासून असा धागा हवा होता.

मी या काळातला डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा व्हॅम्पिर (१९३२) बघितलाय आणि त्याबद्दल बोलायला कोणी मिळत नव्हतं. गोष्ट विचाराल तर धड सांगता येणार नाही, एक तरुण फिरत फिरत एका गावात येतो, सराईत उतरतो, रात्री एक अनोळखी म्हातारा खोलीत येऊन टेबलावर एक पाकीट ठेवून जातो, त्यावर लिहिलंय माझ्या मृत्यूनंतर उघडा. तिथून पुढे सगळं तापात पडलेल्या माणसाला दिसावं तसं. लेन्सच्या पुढे जाळीचं कापड धरून त्यावर उजेड पाडलाय त्यामुळं पूर्ण चित्रच धुरकट करडं आहे. एका लंगड्या शिपायाची सावली त्याच्याशिवायच हिंडून येते आणि मग येऊन त्याला चिकटते. आणि तो शेवटाकडचा सीन, ज्यात नायक स्वतःला शवपेटीत बघतो आणि मग कॅमेराच पेटीत जातो, वरच्या काचेतून आपल्याला झाडं, ढग, चर्च सरकताना दिसतं, झाकणाचे स्क्रू पिळल्याचा आवाज येतो. आपल्यालाच पुरायला नेतायत! मी लाईट लावला होता सरळ.

आणि हा सिनेमा जवळजवळ मूकपटासारखा शूट करून आवाज नंतर घातलाय, जर्मन, फ्रेंच, इंग्लिश तिन्ही भाषांत काढायचा होता म्हणून संवाद मुद्दाम कमी ठेवले. रातवा म्हणतात ते इथे शंभर टक्के पटतं, माणसं बोलतच नाहीत म्हटलं तरी चालेल, पण कुठूनतरी कुत्रं भुंकतं, पोपट ओरडतो, लहान मूल रडतं, आणि दिसत काहीच नाही.

सम्या_डोंबिवली

धागा चांगला आहे पण जरा स्पष्ट लिहू का? मला हे जुने सिनेमे झेपत नाहीत. लुगोसीचा ड्रॅक्युला लावला होता, पहिली पंधरावीस मिनिटं किल्ल्यातली भारी वाटली, ती कोळिष्टकं, तो जिना वगैरे, पण नंतर सगळे लंडनमधल्या दिवाणखान्यात उभे राहून बोलतच राहतात, नाटक चाललंय असं वाटतं, आणि सगळीकडे तो सरसर आवाज, प्रिंट खराब, मग बंद केला. तुम्ही ज्याला शांतता म्हणताय तिचा मला कंटाळा येतो. तरी रातवा एवढ्या जीव तोडून लिहितायत म्हणून विचारतो, एकच सिनेमा सांगा जो माझ्यासारख्याने पहिला बघावा.

ध्वनिलहर

सम्या, तुमची तक्रार रास्त आहे आणि तिच्यामागे कारणं आहेत. मी साउंडच्याच कामात आहे म्हणून थोडं लिहितो.

बोलपट आले तेव्हा कॅमेऱ्याचा घरघर आवाज माइकमध्ये यायचा, म्हणून कॅमेरा काचेच्या खिडकीवाल्या बंद पेटाऱ्यात ठेवायचे, आत कॅमेरामनसकट. म्हणजे मूकपटात जो कॅमेरा धावत पळत होता तो एकदम जागेवर खिळला. माइकही जागेवर, त्यामुळं नटांनी त्याच्या आसपास उभं राहून बोलायचं. ड्रॅक्युला १९३१ च्या सुरुवातीचा, शिवाय नाटकावरून घेतलेला, म्हणून तो मधला भाग दिवाणखान्यात अडकतो. पण पुढच्या वर्षादीडवर्षात कॅमेऱ्याला आवाज दाबणारी आवरणं आली आणि सगळं बदललं. रुबेन मामुलियनचा डॉ. जेकिल अँड मिस्टर हाईड (१९३१ च्या अगदी शेवटी आला) बघा, पहिली काही मिनिटं कॅमेरा म्हणजेच जेकिल, त्याच्या डोळ्यांतून आपण ऑर्गन वाजवतो, हॅट घालतो, बग्गीतून जातो, आरशात बघतो तेव्हा कुठे चेहरा दिसतो.

आणि आवाजाचं म्हणाल तर जेकिल पहिल्यांदा हाईड होतो तिथं मामुलियनने जे केलं ते १९३१ मध्ये कोणाच्या डोक्यात येणं हेच नवल आहे. घंटेचा टोला घेतला, त्याचा सुरुवातीचा आघात कापून टाकला आणि उरलेला नाद उलटा वाजवला. त्यात हृदयाचे ठोके मिसळले, ते ठोके मामुलियनचे स्वतःचे. कुठलंही वाद्य ओळखू येत नाही, पण पोटात गोळा येतो. चेहऱ्याचा बदल कट न करता समोर होतो, त्याची युक्ती अशी की चेहऱ्यावर रंगीत मेकअप आणि लेन्सपुढे त्याच रंगाचे फिल्टर, फिल्टर हळूहळू सरकवला की कृष्णधवल फिल्मवर आधी न दिसणाऱ्या रेषा उमटायला लागतात. जेकिल-हाईड करणाऱ्या फ्रेड्रिक मार्चला यासाठी ऑस्कर मिळालं, भयपटाला ऑस्कर! तरी हा सिनेमा कमी बघितला गेला कारण एमजीएम स्टुडिओला १९४१ मध्ये स्वतःचा जेकिल-हाईड काढायचा होता, त्यांनी याचे हक्क विकत घेतले आणि हा बाजारातून गायब केला.

तो सरसर आवाज बराचसा प्रतीवरून प्रत, प्रतीवरून प्रत काढल्यामुळं येतो. फुकट मिळणाऱ्या कॉप्या बहुतेक तशाच. नीट दुरुस्त केलेली आवृत्ती बघा, फरक जमीनअस्मानाचा आहे. आणि टीव्हीतलं चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, त्याने फिल्मचा दाणा मरतो आणि माणसं मेणाची दिसतात.

रातवा

ध्वनिलहर, फार सुंदर लिहिलंत, उलटा वाजवलेला घंटानाद आता पुन्हा ऐकणार.

सम्या, तुम्हाला ओल्ड डार्क हाऊसच सांगेन. सत्तरेक मिनिटांचा आहे, पात्रं भरपूर, वेग आहे, आणि मध्येमध्ये खरोखर हसू येतं. होरेस फेम पाहुण्यांपुढे जेवणाचं ताट सरकवून म्हणतो, बटाटा घ्या. एवढ्या दोन शब्दांत त्या नटाने, अर्नेस्ट थेसिजरने, जे काही भरलंय ते बघाच. आणि रात्री, दार लावून. दुपारी पडदे उघडे ठेवून हे सिनेमे बघू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

नगरी_माणूस

ओल्ड डार्क हाऊसमध्ये तो मुका दारूडा बटलर आहे ना मॉर्गन, तो बोरिस कार्लॉफ. सिनेमाच्या सुरुवातीला निर्मात्यांनी खास पाटी टाकलीये की हा तोच कार्लॉफ ज्याने फ्रँकेन्स्टाईनमधला राक्षस केला, कारण मेकअपमुळं लोक ओळखणार नाहीत!

आता आमच्या गावाचा संबंध सांगतो, मला त्याचा फार अभिमान आहे. कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात होते आणि घराणं दोन्ही बाजूंनी अँग्लो-इंडियन. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स, जिच्यावर पुढे नाटक सिनेमे झाले, ती कार्लॉफच्या आईची सख्खी मावशी. आणि या ॲनाचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. म्हणजे हॉलिवूडच्या सगळ्यात मोठ्या राक्षसाची चुलत-मावस का होईना पाळंमुळं आमच्या छावणीत आहेत. ॲनाने आयुष्यभर आपण वेल्समध्ये जन्मलो असं सांगितलं, खरं तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी संशोधकांनी कागदपत्रांतून शोधलं. त्या काळी मिश्र वंशाचं असणं लपवावं लागायचं, कार्लॉफचा सावळा रंग बघून हॉलिवूडने त्याला सुरुवातीला अरब, हिंदुस्थानी असलीच कामं दिली. तो माणूस पडद्यावर परका, वाळीत टाकलेला असा उभा राहतो ते मला उगाच वाटत नाही.

फिल्मीचक्कर

कार्लॉफचं नातं माहीत नव्हतं, जबरदस्त! नगरकर काका, यावर वेगळा लेख लिहा ना.

आता रातवा यांच्याशी थोडं भांडतो. शांततेचा मुद्दा मान्य, पण मग द ब्लॅक कॅटचं (१९३४) काय करायचं? एडगर उल्मरचा. त्यात जवळजवळ पूर्णवेळ संगीत वाजतंय, लिस्ट, चायकोव्हस्की, शूमान, बेथोवनची सातवी सिंफनी, आणि तरी तो त्या काळातला सगळ्यात अस्वस्थ करणारा सिनेमा आहे असं माझं ठाम मत. कार्लॉफ आणि लुगोसी पहिल्यांदा एकत्र. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक मेले त्या किल्ल्याच्या जागेवर कार्लॉफने, जो स्वतः त्या किल्ल्याचा फितूर कमांडर, आपलं घर बांधलंय. आणि घर कसं, तर कोळिष्टकं, मेणबत्त्या काही नाही, काच, स्टील, सरकते दरवाजे, एकदम आधुनिक. तळघरात मात्र जुन्या तोफखान्याच्या भिंती तशाच आणि तिथं काचेच्या पेट्यांत मेलेल्या बायका उभ्या ठेवल्यात. लुगोसी पंधरा वर्षं कैदेत काढून आपल्या बायकोचा शोध घेत येतो. दोघं एका मुलीच्या जिवावर बुद्धिबळ खेळतात. पासष्ट मिनिटांत एवढं सगळं!

मला तो भयपटापेक्षा युद्धपट वाटतो. कार्लॉफ म्हणतो की आपण दोघंही त्या युद्धातच मेलोय. उल्मर व्हिएन्नात वाढलेला, ती पिढी हे कुठून बोलत होती ते कळतं.

रातवा

फिल्मीचक्कर, भांडण आवडलं. ब्लॅक कॅट माझ्याही पहिल्या पाचात आहे. पण तिथलं संगीत आणि नंतरच्या सिनेमांतलं संगीत यांत मला फरक वाटतो. ते आपल्याला कुठे घाबरायचं ते सांगत नाही, ते त्या सुसंस्कृत घरात चालूच असतं, एवढं उंची संगीत ऐकणारा माणूस तळघरात काय करतोय ही त्यातली भीती. आणि शेवटी लुगोसी कार्लॉफची कातडी सोलतो तिथं उल्मर फक्त भिंतीवरची सावली दाखवतो. हे १९३४ च्या मे महिन्यात आलं, त्याच उन्हाळ्यात जोसेफ ब्रीनच्या हाताखाली अमेरिकेत सेन्सॉरचा कोड कडक लागू झाला, म्हणजे काही महिने उशीर झाला असता तर हा सिनेमा असा निघालाच नसता.

मंजू_सान_होजे

इथे एका जुन्या थेटरात मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम (१९३३) ची दुरुस्त केलेली आवृत्ती मोठ्या पडद्यावर बघायला मिळाली, म्हणून हा प्रतिसाद. दिग्दर्शक मायकल कर्टिझ, कॅसाब्लँकावाला. हा रंगीत आहे! १९३३ मध्ये! पण तेव्हाचं टेक्निकलर दोनच रंगांचं होतं, लालसर केशरी आणि हिरवट. त्यामुळं खरा निळा नाही, खरा पिवळा नाही, कातडी आजारी माणसासारखी आणि सावल्या शेवाळी. भयपटाला इतका शोभणारा रंग मी दुसरा बघितला नाही, पूर्ण रंगीत असता तर हा परिणाम आलाच नसता असं वाटतं. त्या फिल्मला उजेड प्रचंड लागायचा, दिव्यांच्या उष्णतेने मेणाचे पुतळे वितळायला लागले म्हणून बऱ्याच ठिकाणी जिवंत माणसं पुतळे बनून उभी आहेत, नीट बघितलं तर एखादी पापणी हलते. सिनेमाचा विषय लक्षात घेता हे किती भयंकर आहे!

त्याच मंडळींचा आदल्या वर्षीचा डॉक्टर एक्स (१९३२), तोही दोन रंगांत, लायोनेल ॲटविल आणि फे रे दोन्हींत. चंद्रप्रकाशात होणारे खून आणि शेवटी कृत्रिम मांसाचे गोळे चेहऱ्याला थापणारा माणूस. मध्ये पत्रकाराची विनोदी फोडणी जरा जास्त आहे, ती सहन करा, पण तो शेवट सोडू नका.

वॅक्स म्युझियम कित्येक वर्षं हरवलाच असं धरून चालले होते, साठच्या दशकाच्या शेवटाकडे स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर याच्या स्वतःच्या संग्रहात रंगीत प्रिंट निघाली. मालकाच्या कपाटात!

पिंपळपान

हरवलेल्या सिनेमांचा विषय निघालाच आहे तर, ओल्ड डार्क हाऊसही हरवलेला होता हे इथे कोणी लिहिलं नाही. युनिव्हर्सलकडचे हक्क संपले, दुसऱ्या कंपनीने त्याच गोष्टीवर नवा सिनेमा काढला, जुना कोणालाच नको होता. कर्टिस हॅरिंग्टन नावाच्या दिग्दर्शकाची जेम्स व्हेलशी ओळख होती, तो युनिव्हर्सलच्या मागे लागला, पुन्हा पुन्हा तिजोरी शोधायला लावली आणि १९६८ मध्ये निगेटिव्ह सापडली. एका माणसाच्या हट्टामुळं आपण आज तो बघतोय. व्हेल तोवर वारला होता.

कार्लॉफचा इंग्लंडमध्ये केलेला द घूल (१९३३) तसाच, १९६९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात एक खराब प्रिंट मिळाली, पुढे ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्येच चांगली निगेटिव्ह निघाली. स्पॅनिश ड्रॅक्युलाचं एक रीळ नव्हतं ते क्युबात मिळालं. सगळ्यांचं नशीब असं नाही. पहिला पूर्ण बोलणारा भयपट म्हणतात तो द टेरर (१९२८) गेला तो गेलाच. त्यात टायटल्ससुद्धा लिहिलेली नव्हती, एक माणूस ती बोलून दाखवायचा. ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

आपल्याकडे तर बोलायलाच नको. आलम आरा १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत मॅजेस्टिकला लागला, म्हणजे अगदी याच काळात, आणि आज त्याचे फोटो आणि जाहिराती सोडून काही नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर किती रिळं भंगारात गेली, किती चांदी काढायला वितळवली.

मृण्मयी१२

स्पॅनिश ड्रॅक्युला! त्यावर कोणीतरी लिहा प्लीज.

फिल्मीचक्कर

मीच लिहितो. डबिंगची सोय नव्हती तेव्हा परदेशासाठी तोच सिनेमा दुसऱ्या भाषेत, दुसरे नट घेऊन पुन्हा शूट करायचे. दिवसा टॉड ब्राउनिंग लुगोसीला घेऊन इंग्लिश ड्रॅक्युला करायचा, संध्याकाळी ते लोक गेले की त्याच सेटवर दुसरी टोळी यायची आणि पहाटेपर्यंत स्पॅनिश ड्रॅक्युला. दिग्दर्शक जॉर्ज मेलफोर्ड, ज्याला स्पॅनिश येत नव्हतं. पण त्यांना दिवसाचं शूटिंग बघायला मिळायचं आणि आपण याच्यापेक्षा चांगलं करू अशी जिद्द होती. कॅमेरा जास्त हलतो, धुकं जास्त, लुपिता तोवार तर फारच जिवंत आहे. सिनेमा साधारण अर्ध्या तासाने लांब. फक्त ड्रॅक्युला म्हणून कार्लोस व्हिलारियास लुगोसीच्या जवळपासही येत नाही, हे मात्र कबूल करायला हवं. लुपिता तोवार २०१६ मध्ये वारल्या, वय १०६.

मेक्सिकोनेही लगेच स्वतःचे भयपट काढले, त्यातला दोस मोंखेस (१९३४) जरूर बघा. दोन साधू, एकाच बाईवर प्रेम, तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते, आधी एकाच्या तोंडून मग दुसऱ्याच्या, आणि सांगणारा स्वतःला पांढऱ्या कपड्यांत बघतो, दुसऱ्याला काळ्या. तिरक्या भिंती, तिरक्या सावल्या. मेक्सिकोत बोलपट सुरू होऊन दोनतीनच वर्षं झाली होती.

ध्वनिलहर

तिरक्या सावल्यांवरून प्रभातचा अमृतमंथन (१९३४) आठवला. भयपट नाही, पण पहिला सीन भयपटाचाच आहे. अंधारं मंदिर, नरबळी बंद केले म्हणून राजाविरुद्ध कट, आणि राजगुरूचा एक डोळा पूर्ण पडदाभर. शांताराम १९३३ मध्ये सैरंध्रीच्या रंगांच्या कामासाठी जर्मनीत राहून आले होते, तिथलं बघितलेलं सगळं त्या सीनमध्ये उतरलंय. व्हाईट झॉम्बीतही लुगोसीचे डोळे असेच पडदाभर येतात, कुठून तरी आपल्यावर रोखलेले. हिंदीत राजगुरू चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते.

मंजू_सान_होजे

एक गोष्ट मनात आहे, विचारते. या सिनेमांतला वंशवाद तुम्ही कसा पचवता? मास्क ऑफ फू मांचू (१९३२) लावला आणि मला पुढे बघवेना. कार्लॉफला चिनी खलनायक बनवलंय आणि त्यात आशियाई माणसांबद्दल जे काही बोललंय ते ऐकताना मी माझ्या मुलीला खोलीबाहेर पाठवलं.

रातवा

मंजूताई, बरं झालं विचारलंत. फू मांचू मी कोणाला सुचवत नाही. त्यातले सेट देखणे आहेत, पण सिनेमाचा गाभाच द्वेषाचा आहे. व्हाईट झॉम्बीतही हैतीच्या लोकांना बोलायला फारसं काही नाही, सगळी काळजी गोऱ्या नायिकेची, हे खटकतं आणि खटकायलाच हवं.

पण याच काळात उलट्या दिशेने जाणारा एक सिनेमा आहे, आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स (१९३२). एका बेटावर चार्ल्स लॉटन, पांढरा सूट, हातात चाबूक, गोबरा हसरा चेहरा, जनावरांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून त्यांची माणसं बनवतोय. त्या खोलीला ती जनावरं वेदनेचं घर म्हणतात. इथे पुन्हा कान द्या, संगीत नाही, जंगलात संध्याकाळ झालीये आणि लांबून किंकाळी येते, जेवणाच्या टेबलावर लॉटन चहा ओततच राहतो. केसाळ चेहऱ्याचा लुगोसी सगळ्यांकडून कायदा वदवून घेतो आणि प्रत्येक नियमानंतर ती गर्दी विचारते, आपण माणसं नाही का? गोऱ्या साहेबाने कायदा शिकवला, कायदा मोडला की चाबूक, आणि शेवटी त्यानेच तो मोडायला लावला तेव्हा काय होतं ते बघा. हा साम्राज्यावरचा सिनेमा आहे असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये १९५८ पर्यंत त्याला परवानगी नव्हती. शेवट फार क्रूर आहे, मुलांबरोबर बघू नका आणि प्राण्यांचा छळ सहन होत नसेल तर सरळ टाळा.

सम्या_डोंबिवली

काल रात्री ओल्ड डार्क हाऊस बघितला. बायको पण बसली, ती भयपट बघत नाही एरवी.

कंटाळा आला नाही. पहिली दहा मिनिटं सवय व्हायला लागली, पण मग त्या वाऱ्याचा आवाज डोक्यात बसला आणि एकदम लक्षात आलं की आपण दोघंही बोलत नाहीये. बटाट्याला हसलो. वरच्या खोलीतला तो १०२ वर्षांचा म्हातारा कोण आहे? आवाज एवढा विचित्र, कुजबुजल्यासारखा, बायको म्हणाली ही बाई आहे, मी म्हटलं छे. आणि जिन्याच्या कठड्यावर तो हात दिसतो, नुसता हात, माणूस दिसत नाही कितीतरी वेळ, तिथं मी खरंच टरकलो.

पिंपळपान

वहिनींना शंभर पैकी शंभर! ती बाईच आहे, एल्स्पेथ डजन. व्हेलला पुरेसा म्हातारा दिसणारा नट मिळेना म्हणून त्याने एका नटीला दाढी लावली आणि श्रेयनामावलीत तिचं नाव जॉन डजन असं टाकलं.

सम्या_डोंबिवली

सांगितलं तिला, खूश झाली. आता शनिवारी व्हॅम्पिर बघायचं ठरतंय. तीन भाषांत आहे म्हणालात तर कुठल्या भाषेतला लावू?

मृण्मयी१२

जर्मन. मूळ निगेटिव्ह शिल्लक नाही, १९९८ मध्ये जर्मन आणि फ्रेंच प्रिंटांवरून जोडून दुरुस्त केलेली आवृत्ती आहे तीच शोधा, साधारण सव्वा तासाची. मध्येमध्ये पुस्तकाची पानं वाचायला दाखवतात, तिथं सबटायटल नीट आहेत ना ते आधी तपासून घ्या नाहीतर गोष्ट हातातून निसटेल. आणि पिठाच्या गिरणीचा सीन पूर्ण आहे का बघा, जर्मन सेन्सॉरने तो कापायला लावला होता, काही आवृत्त्यांत तो अजून अर्धवटच आहे. वहिनींना काय वाटलं ते इथे लिहाच.